‘नको’चं चित्र कुठे आहे?

आजचा विषय तुमच्यापैकी काहींच्या घरातलाच असणार, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी अशा विकासात्मक अक्षमतांमुळे ज्यांना तोंडाने पुरेसं बोलता येत नाही, त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते, कार्डं, बोलणारी यंत्रं, टॅबवरची ॲप्स अशी साधनं असतात. या सगळ्याला मिळून ‘पूरक आणि पर्यायी संवाद’ म्हणतात, थोडक्यात एएसी. यावर गेली चाळीसेक वर्षं भरपूर संशोधन झालं आहे. आज आम्ही त्या संशोधनाविषयी तक्रार करणार आहोत. पण तक्रारीआधी त्याचं जे श्रेय आहे ते देऊन टाकू.

“हातात चित्र दिलं तर मूल बोलायचंच बंद होईल,” ही भीती आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. कधी आजी म्हणते, कधी चक्क डॉक्टर म्हणतात. या भीतीला संशोधनाने सरळ उत्तर दिलं. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली तोवरचे अभ्यास चाळून काढले. त्यांतले ज्यांचा पुरावा भक्कम होता असे सहाच निघाले, आणि त्यांत २७ जण होते. या २७ पैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्क्यांचं वाढलं, बाकीचे होते तिथेच राहिले. वाढ बहुतेकांची थोडीच होती, हेही निबंधात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. २७ हा आकडा लहान आहे, मान्य. पण उलट बाजूला तेवढाही पुरावा नाही. तेव्हा “आधी बोलू दे, मग यंत्र बघू” म्हणून मुलाची दोन-तीन वर्षं घालवू नका.

आता तक्रार. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विशेष शाळेत गेलो होतो. भिंतीवर छान लॅमिनेट केलेला तक्ता होता, सोळा चित्रांचा. पाणी, जेवण, बिस्किट, शू, झोप, बॉल, टीव्ही वगैरे. एक मुलगी, असेल दहा-अकरा वर्षांची, बाईंनी बोट धरून तक्त्याजवळ आणली की बिस्किटावर हात ठेवायची. बाई खूश, आम्हीही खूश. मग बाई तिला दुसऱ्या खोलीत न्यायला लागल्या, तर तिने स्वतःचा हात चावला. वहीत नोंद झाली: ‘वर्तनसमस्या’. आम्ही परत तक्त्याकडे पाहिलं. सोळा चित्रांत ‘नको’ नव्हतं.

हा दोष त्या बाईंचा नाही. तक्ता जिथून आला तिथे बघा. व्हॅन डेर मीर आणि रिस्पोली यांनी २०१० साली स्वमग्न मुलं आणि बोलणारी यंत्रं यांवरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला. मुलं एकूण ५१. निष्कर्ष बहुतांशी चांगले. पण शिकवलं काय होतं? बहुतेक ठिकाणी मागणं. वस्तू हवी असली तर बटण दाबायचं. पिक्चर एक्स्चेंज, म्हणजे पेक्स, ही अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांची १९८५ च्या सुमाराची पद्धत आपल्याकडेही अनेक केंद्रांत चालते. तिचे सहा टप्पे आहेत. पहिला म्हणजे चित्र द्या, वस्तू घ्या. ‘मला अमुक दिसतंय’ असं आपणहून सांगणं येतं थेट सहाव्यात. आणि संशोधन-निबंधांतले बरेचसे पहिल्या तीन-चार टप्प्यांवरच आटोपतात.

असं का होतं? मागणं मोजता येतं म्हणून. टेबलावर चिप्स ठेवा, वीस वेळा संधी द्या, किती वेळा मुलाने स्वतः बटण दाबलं ते लिहा, आलेख काढा. चुगली कशी मोजणार? थट्टा कशी मोजणार? “बाबा काल रडले” हे मुलाला सांगायचं असेल, तर ते सांगण्याच्या वीस संधी प्रयोगशाळेत कशा तयार करणार? मग जे मोजता येतं तेच शिकवलं जातं, जे शिकवलं जातं तेच तक्त्यावर चढतं. आणि पुढे आपणच म्हणतो, या मुलांना खाण्यापिण्यापलीकडे काही सांगायचं नसतंच!

जॅनिस लाइट यांनी १९८८ मध्येच संवादाची चार कामं सांगितली होती: गरज सांगणं, माहिती देणं, जवळीक साधणं, आणि रीतभात पाळणं. चारांतलं एकच काम धरून बसायचं आणि त्याला ‘संवादकौशल्यात वाढ’ म्हणायचं, याला आमचा आक्षेप आहे. सगळेच असं करतात असं नाही. कॉनी कसारी यांच्या गटाने २०१४ मध्ये ५ ते ८ वर्षांच्या, फार थोडं बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे खेळता खेळता मूल आपणहून काय म्हणतं ते मोजलं, आणि नुसते शेरे किती मारतं तेही मोजलं. बोलणारं यंत्र सुरुवातीपासून मिळालेली मुलं पुढे राहिली. म्हणजे मोजता येतं. कष्ट जास्त पडतात, इतकंच.

आता कोणी म्हणेल, मग ऐकणाऱ्याने भरपूर इच्छेने ऐकावं, झालं. नुसत्या इच्छेने काय होतं, त्याचीही गोष्ट या क्षेत्रात आहे, आणि ती वाईट आहे. १९७० च्या दशकात मेलबर्नमध्ये रोझमेरी क्रॉसली यांनी मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांवर बोट नेण्याची पद्धत सुरू केली. १९९० साली सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत लाटच आली. ज्यांनी जन्मात शब्द उच्चारला नव्हता ती मुलं लांब लांब वाक्यं टाइप करू लागली. आईबापांना काय वाटलं असेल, विचार करा. मग १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात साधी चाचणी झाली. १२ जण. टाइप करणाऱ्याला एक चित्र दाखवायचं, हात धरणाऱ्याला दुसरं, आणि एकाला दुसऱ्याचं दिसू द्यायचं नाही. टाइप झालेलं उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं निघालं. आणि ती माणसं फसवत नव्हती हो. आपणच लिहितोय हे त्यांना खरंच कळत नव्हतं. तोवर अशा टाइप केलेल्या शब्दांवरून काही आईवडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोपही झाले होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ मध्ये पद्धतीविरुद्ध ठराव केला. वाचा-भाषा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१८ मध्ये पुन्हा बजावलं की ही वापरू नका. नाव बदलून ती अजून फिरते, तेव्हा सावध राहा.

आम्हाला हे दोन्ही प्रकार एकाच घरातले वाटतात. एकात मुलाच्या तोंडी आपले शब्द घातले. दुसऱ्यात त्याने कोणते शब्द बोलायचे ते आपण आधीच निवडून ठेवले. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं. ‘नको’चं चित्र तक्त्यावर लावणं म्हणूनच जड जातं, ते लावलं की कधीतरी ऐकावं लागणार!

आता आपल्या भाषेचं बघू, कारण हे संशोधन मुख्यतः इंग्रजीतलं आहे. इंग्रजीत ‘नो’ एक बटण. मराठीत? “भात नको,” “मी येणार नाही,” “मला हात लावू नका.” हे तीन वेगळे व्यवहार आहेत. ‘नको’ हा तर केवढा तयार शब्द! क्रियापद नको, कर्ता नको, एका शब्दात पूर्ण वाक्य. इंग्रजी तक्त्याचं भाषांतर करणारा तिथे ‘नाही’ लिहून मोकळा होतो. दुसरं, ‘मी जाते’ की ‘मी जातो’? यंत्रात एकच रूप भरलं तर मुलगा जन्मभर ‘जाते’ म्हणत राहील, आणि वर्गातली मुलं हसतील ती वेगळीच. आणि मामा, काका, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच ‘अंकल’!

आपल्याकडे काम झालेलंच नाही असं नाही. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘आवाझ’ बनवलं. आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ मोफत आहे, मराठीत आहे, आणि त्यात चित्रांच्या शेजारी आवडतं-आवडत नाही, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं कायम समोर असतात. ही निवड आम्हाला महत्त्वाची वाटते. कायदाही सोबत आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती येतात. पण मराठी घरात, मराठी शब्दांनी, ही मुलं वर्षभरात काय काय बोलली, याचा अभ्यास करायला कुणी विद्यार्थी तयार असेल तर आम्हाला जरूर भेटा. मागणी मोजू नका, एवढी एकच अट.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबतो. “टॅब परवडत नाही, घरी काय करू?” पुठ्ठा घ्या. त्यावर ‘नको’, ‘अजून’, ‘झालं’, ‘बघ’, ‘दुखतंय’ अशी पाच-सहा चित्रं लावा, खाऊची नंतर. महिनाभर मुलाकडून काही अपेक्षा ठेवू नका. तुम्ही स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवत जा: चहा सांडला की ‘बघ’, जेवण आटोपलं की ‘झालं’. बोट ठेवल्यावर गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा, मूल काही म्हणतंय का बघा. मुलाचा हात धरून चित्रावर नेऊ नका. आणि त्याने पहिल्यांदा ‘नको’वर बोट ठेवलं, तर हातातला घास खाली ठेवा, मग तो औषधाचा चमचा असला तरी त्या क्षणापुरता. औषध पाच मिनिटांनी देता येईल.