पासे सँप्ल : क्रियापदाची रूपे आणि कथनाचा दृष्टिकोन

प्रस्तावना :

फ्रेंच भाषेत पूर्ण झालेली क्रिया सांगण्यासाठी दोन भूतकाळ प्रचलित आहेत. सहायक क्रियापद घेऊन बनणारा 'पासे काँपोझे' हा बोलण्यात व पत्रव्यवहारात येतो. सहायक क्रियापदाविना बनणारा 'पासे सँप्ल' हा कथा, कादंबरी, इतिहासलेखन यांत आढळतो. दैनंदिन बोलण्यातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे परकीय भाषा म्हणून फ्रेंच शिकवताना 'केवळ वाचनापुरता' असा शेरा मारून तो बाजूला ठेवला जातो. परंतु या काळाची रूपे हा केवळ पाठांतराचा विषय नसून त्यांत कथनाचा दृष्टिकोन सामावलेला आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

रूपांची व्यवस्था :

लॅटिनमधील पूर्ण भूतकाळातून आलेल्या या काळाची रूपे अंत्य स्वरानुसार चार गटांत विभागता येतात. 'तो बोलला' यासाठी 'पार्ला', 'त्याने संपवले' यासाठी 'फिनी', 'तो धावला' यासाठी 'कुऱ्यू' आणि 'तो आला' यासाठी अनुनासिक 'वँ' अशी रूपे होतात. 'असणे' या क्रियापदाचे 'फ्यू' आणि 'करणे' याचे 'फी' ही रूपे मूळ धातूपासून इतकी दूर गेली आहेत की ती स्वतंत्रपणेच लक्षात ठेवावी लागतात. काही रूपे संदिग्धही आहेत. 'झ् वी' याचा अर्थ 'मी पाहिले' असा होतो, तसाच 'मी जगतो' असाही होतो. संदर्भ पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

सर्व पुरुषांची रूपे तक्त्यात समान जागा व्यापत असली तरी वापरात ती समान नाहीत. 'तो' आणि 'ते' यांची रूपे कथेत सहज येतात. 'नू पार्लाम' (आम्ही बोललो) व 'वू पार्लात' (तुम्ही बोललात) ही रूपे मात्र आजच्या फ्रेंच वाचकाला कृत्रिम, प्रसंगी विनोदी वाटतात. फ्रान्सच्या २०१५ च्या शालेय अभ्यासक्रमातही सुरुवातीच्या टप्प्यावर या काळाच्या तृतीय पुरुषी रूपांवरच भर देण्यात आला.

समीक्षकांची भूमिका :

ही विषमता आकस्मिक नाही. भाषाशास्त्रज्ञ एमील बेनव्हेनिस्त यांनी १९५९ च्या लेखात 'इतिहास' आणि 'संभाषण' अशा कथनाच्या दोन पातळ्या मानल्या. पहिल्या पातळीवर घटना जणू स्वतःच स्वतःला सांगतात. तेथे पासे सँप्ल व तृतीय पुरुष यांचे साहचर्य असते. दुसऱ्या पातळीवर बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात. रोलाँ बार्त यांनी १९५३ मध्येच हा काळ म्हणजे साहित्याची खूण होय असे म्हटले होते. या काळात सांगितलेले जग आधीच नीट लावून ठेवलेले भासते, हा त्यांचा आक्षेप होता.

बेनव्हेनिस्त यांची विभागणी उपयुक्त असली तरी ती संपूर्ण नाही. रूसो यांच्या आत्मचरित्रात 'मी' आणि पासे सँप्ल एकत्र नांदतात. तेथे सांगणारा 'मी' घडून गेलेल्या 'मी'कडे दुरून पाहतो. म्हणजेच या काळाचे मर्म तृतीय पुरुषात नसून अंतरात आहे.

काम्यू यांच्या दोन कादंबऱ्या :

आल्बेर काम्यू यांच्या 'लेत्रांझे' (१९४२) या कादंबरीचा निवेदक मर्सो प्रामुख्याने पासे काँपोझे वापरतो. १९४३ च्या लेखात सार्त्र यांनी तिच्यातील वाक्यांना बेटांची उपमा दिली. घटना एकापुढे एक येतात. पण कार्यकारणाची साखळी तयार होत नाही. याउलट 'ला पेस्त' (१९४७) मध्ये तृतीय पुरुष आणि पासे सँप्ल आहे. ओराँ शहरातील साथीचा हा वृत्तान्त डॉक्टर रिये यांनीच लिहिला आहे, हे वाचकाला शेवटी कळते. स्वतःचे दुःख बाजूला ठेवून शहराची साक्ष नोंदवण्यासाठी त्यांना हे अंतर हवे होते. येथे क्रियापदाचे रूप हा लेखकाचा नैतिक निर्णय ठरतो.

मराठी अनुवादाचा प्रश्न :

मराठीत 'तो गेला' हे एकच रूप बोलण्यातही चालते आणि ग्रंथातही. त्यामुळे दोन्ही कादंबऱ्या मराठीत आणताना हा भेद पुसला जाण्याचा धोका असतो. मात्र मराठीचा ग्रांथिक भूतकाळ वेगळ्या जागी आहे. 'तो रोज जाई' हा रीतिभूतकाळ लेखनात टिकून आहे. बोलण्यात 'जायचा' येते. फ्रेंचमध्ये नेमकी याउलट स्थिती असून तेथे नित्याची क्रिया सांगणारा 'अँपार्फे' बोलण्यात जिवंत आहे. अनुवादकाने मर्सोच्या तोंडी 'जायचा' आणि रिये यांच्या वृत्तान्तात 'जाई' योजल्यास गमावलेला भेद काही अंशी भरून निघू शकेल. वाक्याची लांबी व उभयान्वयी अव्यये यांचेही साहाय्य घ्यावे लागेल.

निष्कर्ष :

पासे सँप्लची रूपे तक्ता म्हणून शिकवल्यास ती परीक्षेपुरती राहतात. कोण बोलत आहे, किती अंतरावरून बोलत आहे आणि ते अंतर त्याला का हवे आहे, हे प्रश्न रूपांसोबतच विचारले गेले पाहिजेत. म्हणूनच हा काळ वगळून फ्रेंच शिकलेला विद्यार्थी 'ला पेस्त'ची कथा समजून घेईल. पण ती सांगताना रिये यांनी स्वतःला का लपवले, हे त्याच्या ध्यानी येणार नाही.