गंगा कोणती?

आशा मिरो या बाईंचे आत्मवृत्त ‘डॉटर ऑफ द गँजेस’ या नावाने २००६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मूळ लेखन कातालान भाषेतील, म्हणजे स्पेन देशाच्या ज्या प्रांताची राजधानी बार्सिलोना आहे त्या प्रांताच्या भाषेतील. आणि तेही एका पुस्तकाचे नव्हे, दोन पुस्तकांचे. पहिले २००३ चे, दुसरे २००४ चे. जमाल महजूब यांच्या इंग्रजी भाषांतरात ती दोन्ही एकाच बांधणीत मिळतात. बार्सिलोनाच्या बाईंनी तिकडील भाषेत लिहिलेल्या आत्मवृत्ताचा परामर्श मराठी मासिकाने घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील, तर उत्तर फार सोपे आहे. या बाई नाशिककडच्या खेड्यातल्या. जन्म १९६७ चा. आई लहानपणीच गेली, बापाने तान्ही पोर नाशिकच्या जोगिणींच्या हाती दिली, तेथून ती मुंबईस भायखळ्याच्या रेजिना पॅसिस या कॉन्व्हेंटात आली, आणि सातव्या वर्षी, १९७४ साली, विमानात बसून बार्सिलोनास मिरो दांपत्याच्या घरी गेली. एका मराठी मुलीची ही गोष्ट. आणि ती आम्ही भाषांतराच्या भाषांतरातून वाचीत आहोत.

प्रथम नावाविषयी. ‘गंगेची कन्या’ हे शब्द वाचताच युरोपातील वाचकाच्या डोळ्यांपुढे काशीचे घाट, धुराचे लोट आणि पाण्यात उभे राहून अर्घ्य देणारे साधू येणार, आणि असे चित्र यावे हाच पुस्तकविक्याचा हेतू असणार. नाशिकची गोदावरी कोठे आणि काशीची भागीरथी कोठे! ग्रंथनामाचा हा सवंगपणा पाहून कोणीही मराठी वाचक प्रथम नाक मुरडील. परंतु तोच वाचक नाशिकचा असेल तर क्षणभर थांबेल. नाशिकचा मनुष्य सकाळी ‘गंगेवर जाऊन येतो’ असे म्हणतो तेव्हा तो काशीस निघालेला नसतो. त्याचा गंगाघाट रामकुंडापाशी आहे, त्याचे गंगापूर शहराच्या पश्चिमेस आहे, आणि ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदेस गंगा हेच त्याचे घरगुती नाव आहे. जे नाव बार्सिलोनाच्या वाचकास दूरदेशीच्या अद्भुताचे वाटते, ते नाशिकच्या बाईस धुणे घेऊन जाण्याच्या वाटेचे वाटते. या नावाचा खरा अर्थ ज्या भाषेत आहे, नेमकी तीच भाषा ग्रंथकर्त्रीस उरलेली नाही. आमच्या मते या पुस्तकाचे सारे मर्म या एका विसंगतीत साठलेले आहे.

पुस्तकाच्या पूर्वार्धात दोन आवाज आहेत. एक आशाबाईंचा, १९९५ साली त्या स्वयंसेविका म्हणून प्रथम हिंदुस्थानात परत आल्या, त्या प्रवासाची हकीकत तो सांगतो. दुसरा त्यांच्या बार्सिलोनाच्या आईचा. तिच्या रोजनिशीतील उतारे मधून मधून गुंफलेले आहेत. आमच्या दृष्टीने पुस्तकातील सर्वांत सरस भाग हे उतारे होत. मुलीच्या लेखनात जागोजाग उमाळे आहेत. मुंबईचा वास, मुंबईची गर्दी, मुंबईचे दारिद्र्य यांविषयी प्रवासवृत्तांतून नेहमी येते ते सर्व येथेही येते. आईची लेखणी मात्र घरगुती आहे. मूल पोटात वाढविणाऱ्या स्त्रीस नऊ महिने तरी निश्चित ठाऊक असतात. कागदपत्रांच्या वाटेने मुलाची वाट पाहणाऱ्या स्त्रीस तेवढाही आधार नसतो. आणि जे मूल घरात येते ते सात वर्षांचे असते. त्याला आपली झोप, आपली भूक, आपली भीती आणि आपली भाषा असते. हे सर्व त्या बाईंनी पाहिले आणि पुण्यकृत्याचा डौल न आणता टिपून ठेवले. परोपकाराची भाषा त्यांच्या लेखणीस शिवत नाही. त्यांना मूल हवे होते, मूल आले, आता त्याला काय आवडते ते शोधावयाचे आहे, एवढेच. दत्तकाविषयी आमच्याकडे जे काही लिहिले जाते त्यात अनाथांचा उद्धार हा सूर हटकून लागतो. त्या पार्श्वभूमीवर ही रोजनिशी मोलाची वाटते.

आज परदेशस्थ दांपत्यास येथील मूल दत्तक घ्यावयाचे तर त्यास समुद्र ओलांडून येथे यावे लागते. मूल त्याच्या हाती येथेच सोपविले जाते. १९७४ साली हा प्रवास उलटा होता. आईबाप बार्सिलोनाच्या विमानतळावर उभे राहिले आणि प्रवास मुलीने केला. कायद्याच्या दृष्टीने ती तेव्हा कोणाची दत्तक कन्याही नव्हती. परदेशी मनुष्यास येथे दत्तक घेण्याचा कायदाच नसल्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व घ्यावयाचे, मूल परदेशी न्यावयाचे आणि दत्तविधान तिकडे करावयाचे, असा शिरस्ता होता. या व्यवहारात मुलांच्या नशिबी काय काय येऊ शकते याविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, त्याचाच १९८२ साली अर्ज झाला, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी जो निर्णय दिला त्याने परदेशी दत्तकास प्रथमच शिस्त लागली. त्या निर्णयातील एक सूत्र असे की, प्रथम मुलाकरिता देशातच आईबाप शोधावे. ते न मिळाले तरच परदेशाकडे पाहावे.

येथे आम्हांस पुस्तकाबाहेर पडून एक प्रश्न विचारावासा वाटतो, कारण पुस्तक तो विचारीत नाही. भायखळ्याहून लालबाग हाकेच्या अंतरावर आहे. परळ-दादर त्याच्या पुढे, आणि गिरगावास बसने फार तर अर्धा तास. १९७४ साली या सर्व भागांत गिरण्यांचे भोंगे वाजत होते, चाळींतून हजारो मराठी कुटुंबे राहत होती, आणि त्यांत मूल नसलेली, नवससायास करून थकलेली दांपत्ये थोडी नसतील. मराठी बोलणाऱ्या, आईबाप मागणाऱ्या त्या सात वर्षांच्या मुलीस आईबाप मिळाले ते मात्र हजारो मैलांवर. असे का व्हावे?

कायद्याचा अडसर होता असे म्हणता येणार नाही. जुन्या धर्मशास्त्रात तो होता खरा. ‘दत्तक’ या शब्दातच देणारा गृहीत धरलेला आहे. आणि देण्याचा अधिकार फक्त आईबापांचा. ज्याला आईबाप नाहीत त्याला देणार कोण? म्हणून अनाथ मूल शास्त्राप्रमाणे दत्तक जाऊच शकत नसे. मौज अशी की, मुंबई इलाख्यात व्यवहारमयूखाच्या आधाराने लग्न झालेला, मुलाबाळांचा बाप असलेला पुरुषही दत्तक चाले; पाळण्यातली अनाथ पोर मात्र चालत नसे. वंश, पिंड आणि वतन यांची ती व्यवस्था होती, मुलाची नव्हे. परंतु १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेणे शक्य केले, आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकलेल्या व आईबाप अज्ञात असलेल्या मुलांस न्यायालयाच्या अनुज्ञेने पालकाने देण्याची वाटही मोकळी केली. म्हणजे आशाबाई भायखळ्यास होत्या तेव्हा दार उघडे होते. त्यातून आत जावयास आमच्या मध्यमवर्गाचे पाय उचलत नव्हते. मूल नसेल तर भावाचे घ्यावे, नाही तर बहिणीचे. कुळ ठाऊक नसलेली आणि शिवाय समज आलेली मुलगी घरात कशी आणावी?

ज्या समाजाने आरंभ फार पूर्वी केला त्याच्याबाबत हे लिहावे लागते याचे वाईट वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला मानला, त्याचे नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. गिरगावातील प्रार्थनासमाजाचे नाव पंढरपूरच्या ज्या बालकाश्रमाशी जोडलेले आहे तो १८७५ चा. अशी परंपरा पाठीशी असून शंभर वर्षांनंतरही सुशिक्षित घरांची कल्पना वारसापलीकडे जाईना. आज स्थिती पालटली आहे हेही सांगितले पाहिजे. देशातच दत्तक जाणाऱ्या मुलांची संख्या परदेशी जाणाऱ्यांच्या कित्येक पट आहे, आणि त्यांत मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे. परंतु मोठी झालेली, किंवा काही व्यंग असलेली मुले अजूनही मुख्यतः परदेशी आईबापांच्याच वाट्यास येतात. सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न सुटलेला नाही.

आमच्या वाङ्मयानेही या कामी फारशी मदत केली नाही. टाकलेल्या मुलाची आमची आवडती कथा कर्णाची. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ घ्या, रणजित देसाईंचे ‘राधेय’ घ्या. दोन्हींची लोकप्रियता अद्याप ओसरलेली नाही. परंतु वाचकाचे हृदय भरून येते ते सूतपुत्र म्हणविलेला हा वीर वस्तुतः क्षत्रिय आहे या जाणिवेने. म्हणजे रक्त शेवटी खरे ठरावे लागते! राधेने त्याला वाढविले ही गोष्ट ग्रंथाच्या नावात राहते, वाचकाच्या मनात कुंती राहते. अलीकडे २०१८ च्या ‘नाळ’ या चित्रपटाने हा ओघ थोडा फिरविला. त्यातील लहान चैत्यास आपली आई आपली जन्मदात्री नव्हे हे कळते, आणि तो जन्मदात्रीकडे आशेने पाहू लागतो. पण चित्रपटाचे अंतःकरण वाढविणाऱ्या आईपाशी आहे.

आता पुस्तकाच्या उत्तरार्धाकडे वळू. २००३ साली आशाबाई दुसऱ्यांदा आल्या, या वेळी चित्रण करणाऱ्या मंडळींसह. पहिल्या भेटीत जोगिणींकडून जी हकीकत मिळाली होती ती या भेटीत जागोजाग दुरुस्त करावी लागते, आणि आपल्याला सख्खी थोरली बहीण आहे, ती खेड्यात नांदते आहे, हे कळते. तिचेही नाव आशाच. मराठी घरात दोन बहिणींस एकच नाव कोणी ठेवीत नाही. तेव्हा या एका नावाखाली एका आयुष्यातून दुसऱ्यात गेलेल्या मुलीचा सारा गोंधळ उभा राहतो. एकीने हे नाव घेऊन शेतात कष्ट केले, दुसरीने तेच घेऊन बार्सिलोनात संगीत शिकून शिक्षिकेचा पेशा पत्करला. ग्रंथकर्त्रीस या फरकाची पुरी जाणीव आहे. आपण सुटलो असे ती म्हणत नाही, बहीण अडकली असेही म्हणत नाही; हा संयम आम्हांस फार आवडला.

दोष सांगावयाचा तर तो यंत्राचा. दोघी बहिणी तीस वर्षांनी समोरासमोर येतात आणि मध्ये चित्रण चालू असते! अशा वेळी डोळ्यांतले पाणीही थोडे दिव्याच्या उजेडाकडे वळते. लेखिकेने या मंडळींविषयी अधिक मोकळेपणाने लिहावयास हवे होते. दुसरा दोष अधिक गंभीर. बापाविषयी लेखन फार लवकर क्षमाशील होते. बायको गेलेला, हातावर पोट असलेला मनुष्य तान्ह्या पोरीस का देतो हे समजणे अवघड नाही. पण समजणे आणि तपासणे यांत अंतर आहे, आणि तपासाच्या जागी अनेकदा उमाळा येऊन उभा राहतो. हाच विषय घेऊन आशाबाईंनी अ‍ॅना सोलेर-पोंट यांच्यासह २००७ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यावरून मारिया रिपोल यांनी २०१४ साली काढलेल्या चित्रपटात नंदिता दास यांनी बार्सिलोनातील धाकट्या बहिणीचा शोध घेणाऱ्या मुंबईच्या नटीचे काम केले आहे. शेतात राबणाऱ्या बहिणीची तेथे चित्रपटतारका झाली. आत्मवृत्तातील सत्यापेक्षा ही कल्पना किती दुबळी आहे हे निराळे सांगावयास नको.

परंतु चित्रणाच्या गडबडीतही दोघी बहिणींच्या भेटीचा प्रसंग टिकतो, आणि तो टिकतो एका उणिवेच्या बळावर. त्यांना एकमेकींशी बोलता येत नाही. सात वर्षांपर्यंत जी मराठी आशाबाईंची होती ती पुसून गेली आहे. मध्ये दुभाषा बसतो. थोरली बोलते, धाकटी तिच्या तोंडाकडे पाहत राहते, आणि अर्थ तिसऱ्याच्या तोंडून येतो. हात धरता येतो, कपाळावरचे केस सारता येतात, पण ‘आई कशी होती ग?’ एवढे विचारावयास परका मनुष्य लागतो.

हे पुस्तक मराठीत आणणाऱ्या भाषांतरकारापुढे येथे मोठा पेच उभा राहतो. नाशिककडची ती बाई जे बोलली ते तिच्या बोलीत बोलली. दुभाष्याने ते परक्या भाषेत नेले, ग्रंथकर्त्रीने ते आपल्या कातालानमध्ये लिहिले, महजूबांनी त्याचे इंग्रजी केले. आता ते मराठीत येणार ते चौथ्या हातून. तेथे पुस्तकी मराठी घालून चालणार नाही. भाषांतरकाराने नाशिकची वाट धरावी, त्या बाजूच्या चार बायकांचे बोलणे कान देऊन ऐकावे, आणि थोरल्या आशाबाईंची वाक्ये तेथून उचलावी. मुखपृष्ठावर मात्र ‘गंगा’ तशीच ठेवावी. खाली टीप देऊ नये.