‘घनदाट’ या विशेषणाविषयी

मराठी लेखकाला अरण्य दिसले, की त्याच्या लेखणीतून एक विशेषण आपोआप ठिबकते : घनदाट. आणि प्रसंग नाशिकचा असला तर मग विचारावयासच नको. पंचवटी म्हणजे दंडकारण्य, आणि दंडकारण्य म्हणजे घनदाट, निबिड, जिथे सूर्यकिरण भुईला शिवत नाही असे काही तरी! कीर्तनकार हेच सांगतात, कादंबरीकार हेच लिहितात, आणि शाळेतील निबंधात मुलेही हेच उतरवतात. या चित्राचा उत्तरार्धही ठरलेला असतो. पुढे माणूस आला, कुऱ्हाड आली, आग आली, आणि उरले ते हे उघडेबोडके डोंगर व रखरखीत माळ.

माझी तक्रार या चित्राविषयी आहे, आणि ती मी वाचक म्हणून करीत आहे. ज्या जुन्या ग्रंथांच्या नावावर हे चित्र खपविले जाते, ते ग्रंथ उघडून पाहिले तर त्यांत निराळेच काही दिसते.

प्रथम गाथासप्तशती घेऊ. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठी वाचकाच्या हाती दिली. त्याच वर्षी दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ निघाले. आपली झाडे नीट पाहण्याच्या दृष्टीने ते वर्ष भाग्याचेच म्हणावयाचे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या या प्राकृत संग्रहातील सर्वांत गाजलेली गाथा गोदाकाठचीच आहे. एक धार्मिक गृहस्थ फुले वेचण्यासाठी नदीकाठच्या झुडपाशी रोज येतो. तिथल्या कुत्र्याची त्याला धास्ती असते. एक स्त्री त्याला सांगते, की आता तू निर्धास्त हिंड, त्या कुत्र्याला गोदावरीकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आजच ठार केले! वर वर परवानगी आणि आत सक्त मनाई. ती जाळी हे तिचे संकेतस्थान. हा बुवा तिथे येता कामा नये. आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून ही गाथा उचलली, महिमभट्टाने हा ध्वनी नव्हे, अनुमान आहे, असा वाद घातला, आणि शतकानुशतके पंडित त्या सिंहाभोवती फिरत राहिले.

मी मात्र सिंहाला सोडून देतो. तो बिचारा त्या बाईच्याही कल्पनेतलाच आहे. मला पाहावयाची आहे ती जाळी. प्रेमिकांना भेटावयास एकच जाळी असावी, आणि तिच्यासाठी एवढी लबाडी करावी लागावी, हे केव्हा घडेल? भोवती सगळा मुलूख घनदाट असता तर आडोशाला काय तोटा होता? बुवा या जाळीपाशी आला, तर त्यांनी दुसऱ्या जाळीत जावे! पण तसे नाही. नदीच्या ओलीवर झाडी दाटलेली आणि काठ सोडला की उघडे रान, असा देश डोळ्यांपुढे ठेवल्याखेरीज या गाथेतली निकड कळतच नाही. ज्या ध्वनीची एवढी कीर्ती, त्याला या भूगोलाचा आधार आहे.

हे एकाच गाथेवरून म्हणतो असे समजू नका. दुसऱ्या एका गाथेत साळीची शेते पिकून पांढुरकी होऊ लागल्याने एक मुलगी खाली मान घालून रडते आहे. साळीची कापणी झाली की तिचे भेटीचे ठिकाण गेले. तिची समजूत घालणारी सखी सांगते, की तागाची शेते हरताळाने तोंड रंगवलेल्या नटीसारखी पिवळी फुलली आहेत. म्हणजे, काळजी नको, आडोसा तयार आहे! जिथे प्रेमाला पिकाच्या आडोशाची वाट पाहावी लागते, तो मुलूख कसा असेल ते वाचकांनीच ठरवावे. आणखी एका गाथेत पळसाच्या फुलांनी भरलेली भूमी बुद्धाच्या चरणी लोटांगण घालणाऱ्या भिक्षुसंघासारखी दिसते. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांतून ज्यांनी काषाय वस्त्रांची रांग पाहिली असेल त्यांनाच ही उपमा सुचावी, असे मला उगीचच वाटते. पळस दाट सावलीतले झाड नव्हे. त्याला ऊन लागते, मोकळी जागा लागते, आणि त्याच्यावरून आग गेली तरी मुळापासून तो पुन्हा फुटतो.

आता कोणी म्हणेल, प्राकृत राहू द्या, वाल्मीकींचे काय? अरण्यकांडात पंचवटीला पोहोचल्यावर राम लक्ष्मणाला पर्णकुटीसाठी जागा निवडण्यास सांगतो. त्याच्या अटी मोठ्या गृहस्थी आहेत : समिधा, फुले, कुश आणि पाणी जवळ असावे. कुश हे गवत आहे. घनदाट छायेत ते मिळावयाचे नाही. पुढे झाडांची मोठी यादी येते. तीत साल, ताल, तमाल हे संस्कृत काव्याचे ठरलेले मानकरी आहेत. यांतला साल मध्य व उत्तर भारतातला. नाशिकचे रान त्याने कधी पाहिलेले नाही. पण त्याच यादीत, त्या मानकऱ्यांच्या मागे उभी असलेली धव, खदिर, शमी, किंशुक ही मंडळी आहेत. म्हणजे आपले धावडा, खैर, शमी, पळस. ही कोरड्या, मोकळ्या रानातली झाडे आजही नाशिकच्या परिसरात उभी आहेत. आपण वाचताना साल-तमाल लक्षात ठेवले आणि खैर-पळस विसरलो.

आमच्या भाषेचाही साक्षीपुरावा आहे. ‘जंगल’ म्हणताच आपल्याला गच्च झाडी दिसते. पण मूळ ‘जांगल’ म्हणजे आयुर्वेदाने सांगितलेला कोरडा, मोकळा, हरणांचा देश. दाट, पाणथळ मुलखाला त्यांनी ‘आनूप’ असे वेगळे नाव दिले होते. आणि ‘रान’? रानात वाघ असतो, आणि “धनी रानात गेलेत” असे घरधनीण म्हणते तेव्हा ते शेतात गेलेले असतात. शेत, गवत आणि झाडी यांच्यामध्ये ज्या भाषेने भिंत घातली नाही, ती भाषा बोलणाऱ्यांनी दाट अरण्याखेरीज काही पाहिलेच नाही, ही गोष्ट मला पटत नाही.

कवी हे काही मोजणीदार नव्हेत, हे मला मान्य आहे. म्हणूनच कवी जिथे वर्णन करावयास बसतो तिथे मी त्याच्यावर कमी विश्वास ठेवतो, आणि जिथे तो दुसरेच काही सांगत असताना सहज एखादे झाड बोलून जातो तिथे अधिक. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी वाङ्मय, ओव्या आणि आख्याने याच दृष्टीने चाळली. त्यांत आलेल्या रानझाडांपैकी बहुसंख्य काटेरी व उघड्या माळरानाची ठरली. विज्ञानाच्या नियतकालिकात आमच्या ओव्यांची साक्ष काढली जावी, याचा टीकाकाराला थोडा हेवा वाटतो.

परंतु येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह आवरला पाहिजे. नाशिक जिल्हा म्हणजे एक मुलूख नव्हे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तिथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरांवरच्या नाशिक शहरात सुमारे सातशे, आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. येवल्याचा माळ उघडा आहे तो मुळात पावसाने आणि मुरमाने उघडा ठेवलेला. इगतपुरी-त्र्यंबककडे मात्र पाऊस झाडीला पुरेसा असून डोंगरमाथे गवताचे आहेत. तिथे पातळ माती, गुरे, कोयता आणि आग यांचा हात आहे.

आणि आगीचे काम मोठे चमत्कारिक आहे. दिवाळीनंतर गवत वाळू लागते, फाल्गुनात ते पेट घेण्याजोगे होते. आग वरून झर्रकन निघून जाते. गवताचे डोळे जमिनीलगत वा जमिनीखाली सुरक्षित असतात. मरतात ती झाडांची कोवळी रोपे. दोन-चार वर्षे आग आली नाही, तर रोप ज्वाळेच्या उंचीवर निघून जाते आणि झाड होते. झाडे पुरेशी झाली की सावली दाटते, सावलीत गवत येत नाही, आणि गवत नाही म्हणून आगही शिरत नाही. त्यामुळे एकाच डोंगरावर, एकाच पावसात, घळीतील देवराई हिरवीगार आणि माथा पिवळा, असे दोन्ही शेजारी शेजारी शतके नांदू शकतात.

आमच्या वाङ्मयात मात्र आगीला एकच भूमिका मिळाली : वणवा, म्हणजे खलनायक. दरसाल ऐन चैत्रात ब्रह्मगिरीच्या अंगाला लागणाऱ्या आगीची तरफदारी मी करणार नाही. वर्षामागून वर्ष, ऐन कडक उन्हात लागणारी आग रोपाला डोके वर काढूच देत नाही. पण पेठ-सुरगाण्याकडचा राब ही वेगळी गोष्ट आहे. फांद्या, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर वाफ्यावर पसरून पावसाआधी जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते, राखेचे खत होते आणि नागली-वरईचे रोप जोमाने येते. झाड उभे राहते, फांद्या जातात. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्याकडे याच राबावरून जंगलखाते आणि रयत यांच्यात इतकी जुंपली, की मुंबई सरकारला चौकशी-आयोग नेमावा लागला. जंगल तेव्हा लाकडाचे कोठार म्हणून मोजले जात होते. फांदी तोडणारा त्यामुळे चोर ठरला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला सहा दिवस पायी चालत गेलेल्या शेतकऱ्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी होते. त्यांच्या मागणीमागे त्या जुन्या हिशेबाची वजाबाकी आहे.

माणूस आला आणि झाडी गेली, ही गोष्टही वाटते तितकी एकमार्गी नाही. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले त्याच्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षातले : कखडी गावातले दोनशे निवर्तन शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले. दुसरे चोविसाव्या वर्षातले : ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचे शंभर निवर्तन द्यावे! मधल्या सहा वर्षांत त्या दोनशे निवर्तनांवर काय उगवले असेल? प्रथम कुसळी, मग बोर-बाभळी, एखादा पळस. मग कदाचित पुन्हा नांगर. मुलूख एकदाच उघडा पडत नसतो. तो कितीदा तरी मिटतो आणि उघडतो. माझ्या दृष्टीने नाशिकच्या वनराईविषयीचे सर्वांत प्रामाणिक वाक्य त्या दगडावर आहे, आणि ते लिहिणाऱ्याला निसर्गाशी काही कर्तव्य नव्हते.

फराळाच्या बशीशेजारी एवढी चिकित्सा कशाला, असे वाचक म्हणतील. कारण हे विशेषण आता पुस्तकात राहिलेले नाही. माळ म्हणजे मेलेले अरण्य, असे एकदा ठरले की तो कागदोपत्री पडीक होतो, आणि पडीक जागेवर काहीही करावयास मुभा असते : खणती, कारखाना, किंवा पुण्याईची वृक्षलागवड. २०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडे सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तोडण्यावरून नाशिकात मोठा वाद उठला. झाडे तोडू नका म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी आहे. ती झाडे नदीच्या ओलीवर उभी आहेत, आणि त्या स्थळाचे नावच तपोवन आहे. पण तोडलेल्याच्या कित्येक पटींनी दुसरीकडे लावू, हे आश्वासन ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? नदीकाठच्या जुन्या झाडाची भरपाई माळावरच्या खड्ड्याने होत नाही, आणि त्या माळाचे मात्र नुकसान होते.

येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरचे काळवीट आहेत. काळविटाचे सारे शस्त्र म्हणजे दूरवर पाहणारे डोळे आणि धावणारे पाय. झाडांच्या ओळींत त्याला दोन्हींचा उपयोग नाही. आणि इकडे अंजनेरीवर, हनुमानाच्या जन्माची कथा सांगणाऱ्या त्या डोंगरावर, एक खरपुडी उगवते. कंदीलपुष्प म्हणतात तिला. फूल खरोखरच टांगलेल्या कंदिलासारखे. २००६ साली शास्त्रज्ञांनी ही नवी जात म्हणून नोंदली आणि तिला त्या डोंगराचेच नाव दिले. पावसाळ्यात गवताच्या उतारावर ती फुलते आणि पुढे वाळून कंदात परतते. फाल्गुनात वरून आग गेली, तरी कंदाला तिचा पत्ता नसतो. त्या उतारावर दाट सावली आली, तर मात्र पुढच्या श्रावणात ती वर येईलच असे सांगता येत नाही.