परवानगी आहे, करार नाही

ठाण्यात तलावपाळीला राम गणेश गडकरी रंगायतन, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. तिन्ही नाट्यगृहांना लिहिणाऱ्या माणसांची नावे आहेत, आणि कॉपीराइटच्या दृष्टीने तिघांची स्थिती सारखी नाही. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. त्यासाठी आज कोणाला विचारायचे कारण नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. त्यांची नाटके केव्हाच सर्वांची झाली. अत्रे गेले १३ जून १९६९ रोजी. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे ‘तो मी नव्हेच’ किंवा ‘लग्नाची बेडी’ तिकीट लावून करायचे तर ३१ डिसेंबर २०२९पर्यंत हक्कदारांची परवानगी हवी. गडकऱ्यांच्या बाबतीतही एक बारकावा आहे. ‘एकच प्याला’तली पदे वि. सी. गुर्जर यांची. गुर्जर गडकऱ्यांच्या मागे चाळीसहून अधिक वर्षे हयात होते, त्यामुळे गद्य संहिता मोकळी झाल्यावरही पदे बरीच वर्षे मोकळी नव्हती. आज दोन्ही मोकळी आहेत. पण नाटक बसवायला घेताना असा हिशोब किती जण करतात?

ठाणे ते कल्याण हा पट्टा हौशी रंगभूमीचा आहे. ऑफिस सुटल्यावर लोकलने परतायचे, नऊ वाजता तालमीला उभे राहायचे आणि शेवटची गाडी चुकू न देता घर गाठायचे, अशी इथली नाटके बसतात. या मंडळींवर लेखकाला न विचारल्याचा आरोप सरसकट करणे अन्यायाचे होईल. राज्य नाट्य स्पर्धेत आणि बहुतेक एकांकिका स्पर्धांत प्रवेशिकेसोबत लेखकाचे परवानगीपत्र मागतात, त्यामुळे विचारण्याची सवय इथे चांगली रुजली आहे. माझी तक्रार त्या पत्राच्या दर्जाबद्दल आहे.

हे पत्र जवळून पाहावे. वर संस्थेचे लेटरहेड, नोंदणी क्रमांकासह. मजकूर दोन ओळींचा: आपल्या अमुक नाटकाचा प्रयोग करण्यास परवानगी द्यावी. खाली लेखकाच्या अक्षरात ‘परवानगी आहे, शुभेच्छा’ आणि सही. पुष्कळदा तारीखही नसते. एक प्रयोग की दहा? स्पर्धेपुरते की अंतिम फेरीनंतर तिकीट लावूनही? दोन अंकांचे नाटक तासाभरात बसवायला कापाकापी करायची तर कोण करणार? चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचे का? मानधन किती, आणि प्रयोगाआधी की नंतर? यातले एकही उत्तर त्या कागदावर सापडत नाही.

कागद गप्प राहिला की कायदा बोलतो, आणि तो काय बोलेल हे दोघांनाही ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३०प्रमाणे परवाना लेखी हवा. कलम ३०-अ मुळे हक्क हस्तांतराचे कलम १९मधले नियम परवान्यालाही लागू होतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. उलट, मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही आणि कागदावर तसे काही ठरलेले नसेल, तर तो संपुष्टात येतो. म्हणजे दोन ओळींची शुभेच्छा देणारा लेखक नकळत पाच वर्षांचा परवाना देऊन बसू शकतो, आणि पुढच्या वर्षी प्रयोग करू म्हणणारी संस्था नकळत तो गमावू शकते. तोच संच अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळात प्रयोग करायला निघाला, तर हातातला कागद विमानतळापलीकडे कामाचा नाही.

डोंबिवलीत वन रूम किचन भाड्याने देताना आपण अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतो, नोंदवतो, अनामत रक्कम आणि घर सोडण्याची नोटीस लिहून घेतो. परवाना म्हणजे काय हे इथल्या घराघरात माहीत आहे: मालकी राहते, वापर ठरलेल्या मुदतीपुरता दिला जातो. हीच समज नाटकाच्या वेळी का सुटते, याचे मला खरेच वाईट वाटते. कारण लेखकाची ती एकच मिळकत असू शकते.

‘आम्ही हौशी, आम्हाला कसली परवानगी’ हेही ऐकू येते, आणि त्यात थोडे तथ्य आहे. कलम ५२नुसार हौशी संस्थेने विनाशुल्क प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग उल्लंघन ठरत नाही. शाळा-कॉलेजात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी, पालक व संबंधितांपुढे केलेल्या प्रयोगालाही सवलत आहे. कन्नड लेखक शिवराम कारंतांनी मृत्युपत्राने मालिनी मल्ल्या यांना दिलेल्या यक्षगान नृत्यनाट्यांच्या हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००९मध्ये न्यायालयाने मनाई कायम ठेवली, पण शिक्षणसंस्थेला कलम ५२ची सवलत घेता येईल हेही स्पष्ट केले. मात्र ही सवलत प्रयोगापुरती आहे. देणगी प्रवेशिका विकल्या की प्रेक्षक विनाशुल्क राहत नाही. सोसायटीच्या गच्चीवर मोफत केलेली एकांकिका सवलतीत बसेल. तिचे चित्रीकरण चॅनेलवर चढवले की प्रकरण वेगळे झाले.

संहितेत फेरफार हा याहून नाजूक भाग आहे. कलम ५७ने लेखकाला नावाचा आणि कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे, आणि आर्थिक हक्क विकून टाकल्यावरही तो राहतो. स्पर्धेच्या वेळेत बसवण्यासाठी पात्रे गाळणे, शेवट बदलणे, दोन प्रवेश जोडणे हे आपल्याकडे दिग्दर्शकाचे कौशल्य मानले जाते. असेलही. पण ते लेखकाला तालमीच्या आधी कळले पाहिजे, बक्षीस समारंभात नव्हे.

परवानगी आणि मानधन या बाबतीत काटेकोर राहण्याची किंमत सुनीताबाई देशपांडे यांनी मोजली. त्यांच्या शिस्तीला लोकांनी हेका म्हटले. माझ्या मते त्यांचे बरोबर होते. पुलंच्या हक्काची मुदत २०६० अखेरपर्यंत आहे, कुसुमाग्रजांची २०५९, तेंडुलकरांची २०६८. या काळात प्रत्येक विचारणेला कोणीतरी उत्तर द्यायचे आहे, आणि पुष्कळ घरांत ते उत्तर कोणी द्यायचे हेच ठरलेले नसते. वारस चार असतील तर एकाच्या फोनवरच्या होकारावर विसंबणे धोक्याचे, आणि चौघांना शोधण्यापेक्षा दुसरे नाटक घेणे सोपे. चांगली नाटके अशीच हौशी रंगमंचावरून मागे पडतात.

न्यूयॉर्कच्या नाट्यव्यवहारात अशा विचारणांसाठी सॅम्युअल फ्रेंच ही एकोणिसाव्या शतकातली संस्था आहे. आता ती कॉनकॉर्ड या कंपनीकडे आहे. गावातल्या क्लबने यादीतून नाटक निवडायचे, प्रयोगांची संख्या आणि तारखा कळवायच्या, शुल्क भरायचे आणि परवाना घ्यायचा, अशी तिथली रीत. मराठीत अजून लेखकाचा नंबर मिळवण्यासाठी ओळखीतली ओळख काढावी लागते. जुन्या नाट्यपुस्तकांत हक्काच्या पानावर पत्ता आणि कधी कधी प्रयोगाचे मानधनही छापलेले असे. ते पान आज ‘सर्व हक्क राखीव’ एवढ्यावर आटोपते. व्यावसायिक निर्मात्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे प्रयोगामागे मानधनाची रूढी आहे आणि कागदही बरे असतात.

२०१६मध्ये ठाण्यात अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन झाले, अध्यक्ष होते ‘वस्त्रहरण’चे लेखक गंगाराम गवाणकर. संमेलनाचा एवढा पसारा इथे उभा राहू शकतो, तर एक कागदही होऊ शकतो. नाट्य परिषदेच्या इथल्या शाखांनी आणि ‘मानाचि’सारख्या लेखक संघटनेने एक पानाचा नमुना परवाना तयार करून तालमीच्या हॉलमध्ये, ग्रंथालयांत आणि स्पर्धांच्या कार्यालयांत ठेवावा. त्यात सात रकाने पुरेत: नाटक, प्रयोगांची संख्या, तारखा, ठिकाण, मानधन, फेरफार, चित्रीकरण. स्पर्धांच्या आयोजकांनी परवानगीपत्राऐवजी हाच कागद मागावा. आणि लेखकांनो, पुढच्या आवृत्तीत हक्काच्या पानावर तुमचा ईमेल आणि हौशी संस्थांसाठीचे मानधन छापा; शंभर रुपये असले तरी छापा.