बुचाचा गुण, बुचाचा दोष

लोणचे मुरते तशी वाईनही मुरते. पण बरणीचा दादरा सैल राहिला, तर सुगरणीला बोल लावून काय उपयोग? जुन्या तांबड्या वाईनचे परीक्षण लिहिणारे बहुधा हेच विसरतात, अशी माझी तक्रार आहे.

सोलापूरकरांना हा विषय आता परका नाही. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली कंपनीच्या द्राक्षबागा आहेत. तिथल्या ‘सेत्ते’ या तांबड्या वाईनमध्ये सांजोव्हेजे व कॅबर्ने सोव्हिन्यों ही युरोपीय द्राक्षे एकत्र नांदतात.

मध्यंतरी सोलापुरातच एका स्नेह्यांकडे, एका परदेशी बागेच्या एकाच सालच्या दोन बाटल्या चाखण्याचा योग आला. दोन्ही दहा वर्षांहून जुन्या, दोन्हींना बूच. पहिलीचा रंग विटकरीकडे झुकलेला, वासात सुके अंजीर आणि किंचित तंबाखू, तुरटपणा अगदी मवाळ. दुसरीला मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास. चव तर मुकीच!

बाग तीच, हात तेच; फरक बुचाचा. बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. जगातले जवळजवळ निम्मे बूच पोर्तुगालात निघते. त्यात कधीकधी ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य उतरते. स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी १९८१ साली हा गुन्हेगार पकडला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेही वाईनचा सुगंध दडपायला पुरते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातील क्लेअर खोऱ्याच्या काही उत्पादकांनी २००० साली आपल्या रीस्लिंगला आट्यांचे झाकण बसविले. पुठ्ठ्याचा वास त्याने बहुतेक टळतो. पण झाकण फारच घट्ट असले, तर जळक्या काडीसारखा गंधकी दर्प आत कोंडतो. उलट चांगल्या बुचातून मिळणारी लेशमात्र हवा मुरण्याला हातभार लावते.

तेव्हा माझा कौल असा : वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या वाईनला आटे बरे, दीर्घकाळ ठेवायचीला निवडक बूच. मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. उष्णतेने वाईन फुगते, बूच वर सरकते आणि हवा शिरते. बाटली थंड अंधारात, आडवी ठेवावी. बूच ओले राहते.

आणि परीक्षकांना एवढीच विनंती, की एका बाटलीवरून निकाल देऊ नये. झाकण कोणते, बाटली कुठे ठेवली होती, हे आधी सांगावे. मग खुशाल नावे ठेवावीत.