ग्लोरिया स्वॉन्सन आणि नॉर्माचा आरसा

बिली वाइल्डर दिग्दर्शित 'सनसेट बुलेवार्ड' हा चित्रपट १९५० साली प्रदर्शित झाला. मूकपटांच्या काळात अमाप कीर्ती मिळविलेली आणि बोलपट येताच विस्मृतीत गेलेली नॉर्मा डेस्मंड ही त्याची नायिका. भव्य परंतु जीर्ण वाड्यात ती पुनरागमनाची स्वप्ने पाहत राहते आणि अखेरीस, तिला सोडून निघालेल्या तरुण पटकथालेखकाचा खून करते. सेमिनरीत असताना मी हा चित्रपट प्रथम पाहिला आणि पुढे दीक्षेनंतर एका प्रवचनात, रूपाचा गर्व माणसाला कोठे नेतो याचा दाखला म्हणून नॉर्माला उभे केले. आज पन्नाशी ओलांडल्यावर तो पुन्हा पाहताना, ते प्रवचन उथळ होते असे कबूल करावेसे वाटते. नॉर्माची शोकांतिका केवळ गर्वाची नाही. तिच्या जवळच्यांनी मायेपोटी तिच्यापासून सत्य लपविले, याचीही ती आहे.

नॉर्माची भूमिका करणारी ग्लोरिया स्वॉन्सन (१८९९-१९८३) ही स्वतः मूकपटांची सम्राज्ञी होती. सेसिल बी. डिमिल यांच्या 'मेल अँड फीमेल' (१९१९) सारख्या चित्रपटांनी तिला उंची वस्त्रे, मोरपिसे आणि मोत्यांचे तेजोवलय दिले. मात्र त्या झगमगाटामागे एक जातिवंत अभिनेत्री होती, याचा पुरावा 'सॅडी थॉम्प्सन' (१९२८) हा तिने स्वतः निर्माण केलेला चित्रपट देतो. सॉमरसेट मॉम यांच्या मूळ कथेत पतितेला पश्चात्तापाला भाग पाडणारा आणि शेवटी स्वतःच मोहाला बळी पडणारा मनुष्य धर्मोपदेशक आहे. नियंत्रकांचा रोष टाळण्यासाठी चित्रपटात त्याचा समाजसुधारक करण्यात आला. परंतु नाव बदलल्याने आरसा बदलत नाही. हाती दगड घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक उपदेशकाला, आणि नॉर्मावर प्रवचन झोडणाऱ्या मलाही, त्यात स्वतःचा चेहरा दिसावा.

त्यानंतर जोसेफ केनेडी यांच्या पाठबळाने सुरू झालेला 'क्वीन केली' १९२९ साली अर्ध्यावर थांबला आणि दिग्दर्शक एरिक फॉन श्ट्रोहाइम यांना दूर करण्यात आले. वाइल्डर यांची प्रतिभा येथे दिसते. नॉर्मा घरच्या पडद्यावर आपला जुना चित्रपट पाहते तो 'क्वीन केली'च. मठात वाढलेली तरुणी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना करीत आहे. प्रक्षेपक चालविणारा सेवक मॅक्स म्हणजे प्रत्यक्ष श्ट्रोहाइम. नॉर्माच्या पत्त्यांच्या डावाला बसलेल्या विस्मृत नटांत एच. बी. वॉर्नर आहेत. डिमिल यांच्या 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) मध्ये प्रभू येशूची भूमिका त्यांनीच केली होती. ज्या चेहऱ्यापुढे कधी प्रेक्षक भक्तिभावाने बसले, तोही येथे विसरला गेला आहे.

नॉर्माला चाहत्यांची पत्रे येतात. ती लिहितो मॅक्स. स्टुडिओला हवी असते तिची जुनी मोटार. तिला वाटते, आपली पटकथा पसंत पडली. स्वतःचीच भूमिका करणाऱ्या डिमिल यांना खरे कळते, पण ते सांगण्याचे धैर्य होत नाही. त्या प्रसंगी बोलपटाचा मायक्रोफोन नॉर्माच्या टोपीवरील पिसाला घासून जातो आणि ती त्याला तिरस्काराने बाजूस सारते. मग एक जुना प्रकाशयोजक तिला ओळखून दिव्याचा झोत तिच्यावर टाकतो; माणसे भोवती जमतात; थोड्याच वेळात झोत पुन्हा वळविला जातो. ग्लोरियाच्या मुद्रेवर त्या क्षणी उमटलेली तृप्ती पाहून तिचा उपहास करण्याची इच्छा उरत नाही.

ग्लोरिया मात्र नॉर्मा नव्हती. १९३८ साली ती न्यूयॉर्कला गेली, नवे व्यवसाय केले, १९४८ साली दूरचित्रवाणीवर कार्यक्रम सादर केला. या भूमिकेसाठी चाचणी द्यावी लागेल असे कळल्यावर ती दुखावली, तरी तिने ती दिली. नॉर्माला हे जमले नसते. म्हणूनच डोळे विस्फारण्याची, बोटे आवळण्याची मूकपटातील शैली ती पात्राचा स्वभाव म्हणून जाणीवपूर्वक वापरू शकली. ऑस्कर ज्युडी हॉलिडे हिला मिळाले; ग्लोरियाचे ते तिसरे आणि अखेरचे नामांकन ठरले. चित्रपटाचा एक दोषही नोंदवावा लागेल: पन्नाशी म्हणजे जणू स्मशानाचे द्वार, असा त्याचा सूर आहे. नायिकेच्या वयाच्या अभिनेत्रीनेच तो खोटा ठरविला.

आपल्या धर्मग्रामातील वृद्धांना भेटताना मला मॅक्स आठवतो. मुलगा पुढच्या महिन्यात नक्की येणार, असे आपणही सहज सांगून टाकतो. त्यात माया असते आणि खरे ऐकून घेण्याचा कंटाळाही असतो. सत्य सांगायचे तर शेजारी बसावे लागते. नॉर्माच्या वाड्यात सेवा पुष्कळ होती. पण खरे सांगून तिच्याजवळ बसणारे मात्र कोणी नव्हते.