लातूरकडून आपण काय घेतलं? अकरावीचे विषय आणि बारावीची तयारी



आजचा विषय वरवर साधा आहे. अकरावीला विषय कोणते घ्यायचे आणि बारावीच्या परीक्षांची तयारी कशी करायची. यावर उत्तरं देणारे आपल्या शहरात कमी नाहीत. क्रांती चौकातून उस्मानपुऱ्यापर्यंत चालत गेलात तर खांबाखांबावर उत्तरं टांगलेली दिसतील, फोटोंसकट, गुणांसकट. मला आज तसं उत्तर द्यायचं नाही. मला टीका करायची आहे, आणि तीही कुणा एका क्लासवर नाही. आपण सगळ्यांनी मिळून विचार करण्याची जी एक सवय लावून घेतली आहे, त्या सवयीवर.

ही सवय काय आहे? दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, "क्लास कुठं लावायचा?" दुसरा प्रश्न, "कॉलेज कोणतं?" आणि विषय? विषय ठरतात ते प्रवेशाच्या दिवशी, कॉलेजच्या खिडकीवर, पाच मिनिटांत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरता येतो. त्या दहा नावांवर घरात आठवडाभर चर्चा होते. मराठी की आयटी, गणित की भूगोल, हे मात्र खिडकीतला कारकून विचारतो आणि मुलगा मागं वळून मित्राकडं बघतो. मित्र म्हणतो, "आयटी टाक, स्कोअरिंग आहे." झालं.

आता हे असं का झालं, ते बघू. त्यासाठी लातूरला जावं लागेल.

'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पण तो काय होता, हे किती जणांना माहीत आहे? लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय, तिथले संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी यांच्या नावाशी हा पॅटर्न जोडलेला आहे. मराठवाडा मागास, इथली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत कुठून येणार, असं पुण्या-मुंबईत गृहीत धरलं जायचं. त्या काळात या लोकांनी काय केलं? नेहमीच्या तासांखेरीज जादा तास घेतले. सुट्टीतही शिकवलं. बोर्डाच्या धर्तीवर पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून मुलाला त्याची चूक कुठं झाली ते दाखवलं.

लक्षात घ्या, हे सगळं कॉलेजात घडत होतं. कॉलेजचेच प्राध्यापक करत होते. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, कारकुनाच्या पोरांना त्याचा फायदा झाला. पॅटर्नवर टीका तेव्हाही झाली. हुशार मुलं वेगळी काढायची आणि त्यांच्यावरच मेहनत घ्यायची, मग बाकीच्यांचं काय? पाठांतराला फार किंमत आहे, असंही म्हटलं गेलं. ही टीका मला मान्य आहे. तरीही त्या प्रयोगात एक प्रामाणिकपणा होता. शिकवणं ही कॉलेजची जबाबदारी आहे, असं तो प्रयोग मानत होता.

आपण त्यातून काय उचललं? चाचण्या उचलल्या. तास उचलले. फोटो तर नक्कीच उचलले. (हशा) उचललं नाही ते एवढंच, की हे काम कॉलेजनं करायचं. आज चित्र काय आहे? प्रवेश एका कॉलेजात, शिक्षण दुसरीकडं. 'टायअप', 'इंटिग्रेटेड' हे शब्द तालुक्याच्या गावातही पोचलेत. मूल गावाकडच्या कॉलेजात पटावर असतं आणि राहतं इथं, गारखेड्याच्या नाहीतर सिडकोच्या एखाद्या खोलीत. प्रयोगशाळा त्यानं परीक्षेच्या आठवड्यातच पाहिलेली असते. २०१८ मध्ये शासनानं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, कारण वर्ग ओस पडले होते. अंगठ्याचा ठसा सक्तीचा झाला तरी वर्गात शिकवणारा आणि शिकणारा दोघंही यावे लागतात. ते यंत्राच्या हातात नाही.

या सगळ्यात विषयाचं काय झालं? विषय म्हणजे गुण मिळवण्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ उरला. 'स्कोअरिंग' हा शब्द आपण किती सहज वापरतो! या शब्दाची तीन उदाहरणं मी घेतो.

पहिलं उदाहरण मराठीचं. विज्ञान शाखेत इंग्रजी अनिवार्य आहे. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं, नाहीतर दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेता येतो. २०२० च्या कायद्यानं मराठी सक्तीची झाली, पण ती पहिली ते दहावी. अकरावीत आपण तिला पहिल्याच दिवशी निरोप देतो. आयटी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला संगणकात रस आहे त्यानं जरूर घ्यावं. पण बारावीच्या 'युवकभारती'त उपयोजित मराठीचा भाग आहे, त्यात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत. उद्या डॉक्टर होऊन घाटीत पेशंटच्या नातेवाइकाला आजार समजावून सांगायचा आहे, तो कोणत्या भाषेत? पुढं स्पर्धा परीक्षेला निबंध लिहायचा आहे, तो कोण शिकवणार? ही मुलं पदवीनंतर पुन्हा मराठी शिकायला क्लास लावतात. म्हणजे फुकट मिळत होतं ते नाकारलं आणि पैसे देऊन परत आणलं.

दुसरं उदाहरण गणिताचं. 'मला नीट द्यायची आहे, मग गणित कशाला?' असं म्हणून गणिताच्या जागी भूगोल घेतला जातो, कारण भूगोल सोपा. भूगोल सोपा नाही, तो नीट न शिकता निभावता येतो असा आपला समज आहे, एवढंच. बरं, गणित सोडल्यावर काय बंद होतं? इंजिनिअरिंग बंद. आर्किटेक्चर बंद. एनडीएतून नौदल आणि हवाई दल बंद. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं तर सीयूईटीमध्ये गणित लागतं, म्हणून तेही बंद. बी.फार्मसीचं दार तेवढं उघडं राहतं, तिथं गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. नीटमध्ये सगळ्यांना जागा मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. ज्याला मिळाली नाही तो 'रिपीटर बॅच'ला बसतो. एकदा, दोनदा. तिसऱ्या वर्षी तो जेव्हा दुसरी वाट शोधायला लागतो, तेव्हा त्याला कळतं की निम्म्या वाटा सोळाव्या वर्षी, खिडकीवर, पाच मिनिटांत बंद करून टाकल्या होत्या.

तिसरं उदाहरण वाणिज्य शाखेचं. तिथं गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. मुलं एसपी घेतात आणि म्हणतात, "मला सीए व्हायचंय." सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर काय आहे? व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र. ज्याला चुकवायला एसपी घेतलं, तेच दारात उभं असतं.

यात मुलांचा दोष किती? मला वाटतं, कमीच. त्यांना कुणी पुढचा रस्ता दाखवलेलाच नसतो.

आता तयारीकडं येतो. इथंही माझी तक्रार आहे. आपण 'बारावीची तयारी' असं एकवचनात बोलतो. प्रत्यक्षात एकाच विषयाच्या तीन वेगळ्या परीक्षा असतात. भौतिकशास्त्र घ्या. बोर्डाची लेखी परीक्षा सत्तर गुणांची, तीन तासांची. तीस गुण प्रात्यक्षिकाचे. तिथं सिद्धता लिहायची, आकृती काढायची, पायऱ्या दाखवायच्या. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटांत. चुकलं तर गुण कापत नाहीत. नीटमध्ये एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. म्हणजे उत्तर माहीत नसेल तर सीईटीत एकही प्रश्न सोडू नये आणि नीटमध्ये अंदाजाचा तीर मारण्याआधी थांबावं. दोन्ही परीक्षा देणारा मुलगा हा फरक शेवटच्या आठवड्यात शिकतो. तो अकरावीतच कळायला हवा.

अकरावीचं आणखी एक. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस टक्के वजन आहे, नीटमध्ये तर अकरावी-बारावी दोन्ही पूर्ण. तरी आपल्याकडं अकरावी हे विश्रांतीचं वर्ष समजतात. त्यात मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेलं मूल पहिले तीन-चार महिने नुसत्या शब्दांशी झगडत असतं. 'वेग' माहीत असतो, 'व्हेलॉसिटी' म्हटलं की बावचळतं. घरी म्हणतात, "दहावीला नव्वद टक्के होते, आता काय झालं?" काही झालेलं नाही हो. भाषा बदलली आहे. त्या महिन्यांत मराठी आणि इंग्रजी संज्ञांची एक वही करा, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. नीट मराठीतूनही देता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

आणि बोर्डाला कमी लेखू नका. जेईई मेनमधून एनआयटीला जायचं तर खुल्या प्रवर्गाला बारावीत पंचाहत्तर टक्के, नाहीतर बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये जागा लागते. मेडिकलला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून पन्नास टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस. बोर्डाचा पेपर तुम्हाला लिहायला लावतो. गोल काळा करणाऱ्या परीक्षा ते शिकवत नाहीत.

शेवटचा मुद्दा. आपण राहतो कुठं? या शहरात १९८१ पासून उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. पाण्याचा आणि जमिनीचा अभ्यास करणारी वाल्मी आहे, आणि पाणी हा मराठवाड्याचा जन्माचा प्रश्न आहे. अजिंठा-वेरूळ तासा-दोन तासांवर आहेत. १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय काढलं, ते मुलांनी चार जास्त गुण मिळवावेत एवढ्यासाठी नव्हे. आणि आपण मुलांना दोनच शब्द सांगतो: मेडिकल, इंजिनिअरिंग. इतिहास, भूगोल, मानसशास्त्र, राज्यशास्त्र घेतलं की शेजारी विचारतात, "कमी पडले का?" कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, हे त्या शेजाऱ्याला सांगा.

म्हणून विषय निवडताना मुलाशी तीन गोष्टी बोला. या विषयाचं पुस्तक परीक्षा नसताना कधी उघडलंस का? हा विषय सोडला तर काय काय बंद होतं, ते कागदावर लिहिलंस का? आणि ज्या कॉलेजात जातोस तिथं हा विषय शिकवणारा माणूस खरंच आहे का? तिसरा प्रश्न कॉलेजला जाऊन विचारा. पालक म्हणून तो तुमचा हक्क आहे.



(व्याख्यानानंतरचा एक प्रश्न)

प्रश्न : सर, माझ्या मुलीला जीवशास्त्र आवडतं, पण गणितही चांगलं आहे. दोन्ही ठेवावं का? क्लासवाले म्हणतात, एक सोडा.

उत्तर : ताई, ती पेलत असेल तर ठेवा. ओझं आहे, हे खरं. पण पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांची सीईटी देता येते. अगदी एक सोडावंच लागलं, तर हे लक्षात ठेवा : २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास होणाऱ्यांनाही नीटसाठी पात्र धरलं. परतीची वाट आहे, मात्र त्यात वर्ष जाऊ शकतं. आणि क्लासवाले एक सोडा म्हणतात तेव्हा त्यांना त्यांचं वेळापत्रक सांभाळायचं असतं. तुम्हाला मुलगी सांभाळायची आहे. आज घरी गेल्यावर तिलाच विचारा.